कपाळावरून उतरवलेलं नाक

नाकावरची गाठ काढून झाली, रिपोर्टात ‘बेसल सेल कार्सिनोमा’ असं आलं, आणि नाकपुडीच्या जागी आरशात बघवत नाही अशी खोक उरली. अशा वेळी रुग्ण आणि घरचे एकच विचारतात: हे कधी बुजवणार? सरळ उत्तर असं की ते बुजवायचं नसतं. नुसतं बुजवलेलं नाक काही महिन्यांत आक्रसतं, नाकपुडी वर ओढली जाते, श्वास अडतो. नाक नव्याने घडवावं लागतं, आणि त्यातलं बहुतेक काम मोजण्याचं आहे. कातडी उचलणं आणि शिवणं त्यामानाने सोपं.

खाली देतो ती कृती कपाळाच्या फ्लॅपची, म्हणजे एका टोकाला देठासारखी जोडलेली ठेवून नाकावर वळवलेल्या कपाळाच्या कातडीची. नाकाच्या खालच्या भागात दीड सेंटीमीटरहून मोठं नुकसान झालं, की बहुतेक वेळा याच पद्धतीकडे यावं लागतं; आणि युरोपला ती समजली पुण्याच्या एका बातमीमुळे. वाचून कुणी ती घरी करणार नाही हे उघड आहे. पण ज्याच्यावर ती होणार आहे आणि जो त्याची पट्टी बदलणार आहे, त्या दोघांना कुठल्या पायरीला काय चाललंय आणि का चाललंय हे ठाऊक असलं, तर मधले दोन महिने निभावून नेता येतात.

आधी कॅन्सर संपल्याची खात्री

बेसल सेल हा त्वचेच्या कॅन्सरांमधला धिमा प्रकार. शरीरात दुसरीकडे तो सहसा पसरत नाही, पण आहे त्या जागी कातडीखालून चोरपावलांनी सरकतो; वरून दिसतो त्याहून तो आत मोठा असतो. गोऱ्या कातडीवर तो मोत्यासारखा चकचकीत दिसतो असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर तो बऱ्याचदा काळपट असतो, आणि म्हणून तीळ किंवा मस समजून वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. खपली धरते, तोंड धुताना निघते, थेंबभर रक्त येतं, पुन्हा खपली धरते. महिना-दीड महिन्यात न भरलेली नाकावरची पुटकुळी बायोप्सी केल्याशिवाय सोडू नये.

गाठ काढताना भोवतीची काही मिलिमीटर चांगली कातडीही काढतात. साध्या, लहान बेसल सेलला चार मिलिमीटर पुरतात असं धरलं जातं. पण नाक ही जोखमीची जागा, इथे तेवढ्यावर विसंबून चालत नाही. अमेरिकेत फ्रेडरिक मोह्‌स यांनी 1930 च्या दशकात एक पद्धत बसवली: पातळ थर काढायचा, त्याची कड आणि तळ सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण तपासायचा, जिथे पेशी सापडतील तेवढ्याच जागी पुन्हा थर काढायचा. आपल्याकडे ही सोय मोजक्या ठिकाणी आहे. ती नसेल तर काढलेल्या तुकड्याच्या कडा पॅथॉलॉजिस्टकडे जातात. ऑपरेशन चालू असताना केलेल्या घाईच्या तपासणीत कडेचा थोडाच भाग नजरेखालून जातो, हे लक्षात ठेवावं. पक्का रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तोवर जखम ओलसर पट्टीखाली झाकून ठेवली तर तिचं काही बिघडत नाही.

माझं मत इथे ठाम आहे: कडा स्वच्छ असल्याचा कागद हातात येईपर्यंत कपाळाला हात लावू नये. नव्या नाकाखाली राहून गेलेला कॅन्सर वाढला तर तो उशिरा दिसतो, तेव्हा नवं नाकही काढावं लागतं, आणि कपाळाचा साठा काही अमर्याद नाही. गाठ फारच खोल गेलेली असली, किंवा पुढे रेडिएशन द्यायचं ठरत असलं, तर सिलिकॉनचं लावता-काढता येणारं कृत्रिम नाक हाही चांगला पर्याय आहे. ते लावण्यात कमीपणा काही नाही. वय, दुसरे आजार आणि घरी करणारं माणूस, सगळं बघून हे ठरवावं.

काय गेलं, काय उरलं

नाक म्हणजे शिंप्याच्या हिशेबाने अस्तर लावलेला कोट: बाहेर कापड, मध्ये ताठपणासाठी कॅनव्हास, आत अस्तर. बाहेरची कातडी, मधली कूर्चा आणि हाड, आतली ओलसर त्वचा. यातलं काय गेलंय ते बॅटरी धरून आतून-बाहेरून बघतात. फक्त कातडी गेली असेल तर काम बरंच हलकं होतं. भोक आरपार असेल तर तिन्ही थर परत आणावे लागतात. अस्तर गाळून नुसती वरची कातडी बसवली, तर तिची उघडी पाठ व्रण धरत भरते आणि भरताना सगळं नाक आत ओढून घेते.

मग कातडीचा पोत. स्वतःच्या नाकावर करून बघा: दांड्यावरची कातडी चिमटीत येते, शेंड्यावरची येत नाही. वरचा भाग पातळ आणि सैल, खालचा जाड, तेलकट, आतल्या कूर्चेला घट्ट चिकटलेला. म्हणून वरच्या भागातली लहान जखम शेजारची कातडी सरकवून सरळ शिवता येते, खालची येत नाही. ओढून शिवली की शेंडा वाकडा होतो.

लहान जखमांचे उपाय थोडक्यात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी असलेला खळगा नुसत्या मलमपट्टीने भरतो आणि छान भरतो. दांड्यावरच्या उथळ जखमेला कानापुढच्या कातडीचा ग्राफ्ट, म्हणजे पूर्ण सुटा काढून लावलेला तुकडा, चालतो. शेंड्यावर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची जखम असेल तर तिच्या वरच्या बाजूची कातडी दोन पाकळ्यांच्या आकारात कापून वळवतात: पहिली पाकळी जखमेत, दुसरी पहिलीच्या जागी, आणि दुसरीची जागा सरळ शिवून टाकायची, कारण तिथली कातडी सैल असते. नाकपुडीचा कल्ला तेवढा गेला असेल तर गालाची कातडी वापरतात. ती मला पुरुषांमध्ये फारशी आवडत नाही. दाढीचे केस सोबत येतात.

याहून मोठं काही असलं की कपाळ. कपाळाच्या कातडीचा रंग आणि जाडी नाकाशी जितकी जुळते तितकी शरीरावरच्या दुसऱ्या कुठल्याच कातडीची जुळत नाही.

इथे एक गोष्ट नातेवाइकांना धक्का देते. सर्जन कधीकधी जखम आणखी मोठी करतात. गॅरी बर्गेट आणि फ्रेडरिक मेनिक या दोन अमेरिकन सर्जनांनी 1985 मध्ये मांडलेला हिशेब असा: नाकाचे नऊ भाग आहेत. दांडा, दोन बाजू, शेंडा, दोन नाकपुड्या, शेंड्याखालचे दोन नाजूक त्रिकोण आणि मधला खांब. बघणाऱ्याची नजर या भागांच्या कडांवरच्या सावल्या टिपते. एखाद्या भागाचा अर्ध्याहून जास्त हिस्सा गेला असेल तर त्या भागाची उरलेली कातडीही काढून पूर्ण भाग एकसंध बसवावा, म्हणजे टाक्यांची रेघ सावलीच्या घडीत पडते आणि दिसत नाही. नाकपुडीच्या मधोमध लावलेलं ठिगळ मात्र समोरच्याला चार हातांवरूनही दिसतं. नियम म्हणून तो सगळ्यांना लावावा असं नाही. ऐंशीच्या आजोबांना लवकर घरी जायचं असेल तर चांगली कातडी राखलेली बरी.

तयारीचे आठवडे

नवी कातडी कपाळावरून नाकावर येते, पण तिला रक्त पुरवते भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणारी एकच बारीक रोहिणी. निकोटिन अशा बारीक रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे तंबाखू बंद, आणि ती ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधीपासून शेवटचा टाका निघेपर्यंत. बिडी-सिगारेटचं सगळे सांगतात. मिश्रीचं कुणी सांगत नाही, कारण घरातल्या बायका तिला दात घासणं समजतात, व्यसन समजत नाहीत. म्हणून विचारताना नाव घेऊन विचारावं: मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना, तपकीर.

ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंदही करू नयेत आणि लपवूही नयेत. ज्या डॉक्टरांनी सुरू केल्या त्यांना विचारून ठरतं. काढे आणि आयुर्वेदिक गोळ्याही यादीत लिहाव्यात. शुगर ताब्यात हवी.

जुने फोटो शोधून ठेवावेत, एक समोरून, एक बाजूने. लग्नाच्या अल्बमपेक्षा गाठ येण्याआधीच्या चार-पाच वर्षांतले जास्त कामाचे. चष्मा असेल तर अडचण मोठी आहे, कारण फ्लॅपचा देठ नेमका चष्म्याचा पूल बसतो तिथून जातो. काही आठवडे चष्मा टेकवता येणार नाही. कपाळाला चिकटपट्टीने टांगायची युक्ती काही जण करतात, ती डॉक्टरांना दाखवूनच करावी. आणि घरातल्या लहान मुलांना आधी सांगून ठेवावं की आजीच्या भुवईपासून नाकापर्यंत काही दिवस कातडीची सोंड असणार आहे. रुग्ण स्वतःच तिला सोंड म्हणतात. मुलं एकदा पोटभर बघतात आणि खेळायला जातात. प्रश्न मोठ्यांचाच असतो.

कपाळ किती उंच आहे तेही बघून ठेवतात. केसांची रेघ खाली असली तर फ्लॅपच्या टोकाला केसाळ कातडी येते, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर केस. फ्लॅप तिरका आखून काही प्रमाणात हे टळतं. उरलेले केस पुढे लेझरने काढता येतात, पण पिकलेल्या केसांवर लेझर चालत नाही. ते उपटत किंवा कातरत राहावं लागतं.

साचा

सगळी कृती इथे येऊन ठरते, म्हणून जरा थांबतो.

जखमेचं माप घेऊन कातडी कापायची, हे कुणालाही सुचेल आणि ते चुकीचं आहे. ताजी जखम सुजेने आणि कडांच्या ओढीने पसरलेली असते. जुनी असेल तर व्रणाने आकसलेली. म्हणून माप घ्यायचं ते दुसऱ्या बाजूच्या शाबूत नाकपुडीचं. भूल देणारं इंजेक्शन टोचण्याआधी, नाक फुगण्याआधी, शाईने नाकाच्या भागांच्या सगळ्या रेघा काढून घेतात. मग टाक्यांचा दोरा ज्या वेष्टनातून येतो त्याची चमकती फॉइल चांगल्या नाकपुडीवर अंगठ्याने दाबत बसवतात, वळणात शिरेल अशी. कडेने बारीक कात्रीने कातरतात. फॉइल काढून सपाट करतात, आणि उलटी करतात, कारण उजवीचं माप डावीला द्यायचं आहे. आता हा तुकडा कपाळावर, केसांच्या रेघेखाली, शेंडा वर आणि देठ खाली अशा बेताने ठेवून भोवती रेघ मारतात. एक मिलिमीटर कमी पडला तर नाकपुडीची कड वर उचलली जाते. जास्त झाला तर ती जाड, लोंबती होते. ‘असू दे थोडी जास्त, नंतर कापू’ हा विचार इथे महागात पडतो.

लांबी मोजायला गॉजची पट्टी घेतात. एक टोक भुवईच्या आतल्या टोकाशी धरून दुसरं जखमेच्या लांबच्या कडेपर्यंत आणतात, मग पहिलं टोक न सोडता पट्टी वर कपाळावर फिरवतात. जिथे पोचेल तिथवर फ्लॅप हवा.

हा साचा आपल्याकडे फार जुना. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने नाकाचं माप घेऊन गालाची कातडी वळवायला सांगितलं आहे. कपाळाच्या कातडीची पुण्याकडची हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात छापून आली. कावसजी नावाचा बैल हाकणारा माणूस 1792 च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. टिपू सुलतानच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. नाव पारशी वाटतं, पण त्या हकीकतीत तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचं लिहिलं आहे. वर्षभर तो बिननाकाचाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याचं नाक केलं. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, हे मला आजही खटकतं. बघायला हजर असलेल्या इंग्रज डॉक्टरांची नावं मात्र छापून आली.

पण कृती नीट लिहिलेली आहे. मेणाचं पातळ पान कापलेल्या नाकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार द्यायचा, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवायची आणि दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. जुन्या नाकाच्या कडा खरवडून त्यांत खाच पाडायची, कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या खाचेत घालायची. वरून काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावून थरावर थर ठेवायचे. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी वरची जोडपट्टी कापायची. लंडनमध्ये जोसेफ कार्पू यांनी ही हकीकत वाचून मृतदेहांवर सराव केला, 1814 मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पान, मेण, फॉइल: मधल्या काळात एवढंच बदललं.

(काथ, तूप, हळद यांतलं काहीही आज जखमेवर लावायचं नाही. जखमेत जंतू गेले तर नवं नाक हातचं जातं.)

टेबलावर

पूर्ण भूल देतात, किंवा गुंगी देऊन जागा बधिर करतात. आरपार भोक असेल तर सुरुवात आतून. अस्तरासाठी नाकाच्या मधल्या पडद्यावरची ओलसर त्वचा वळवतात, किंवा कपाळाचा फ्लॅपच थोडा लांब घेऊन त्याचं टोक आत दुमडतात. मग कणा. नाकपुडीच्या कल्ल्यात जन्मतः कूर्चा नसते. पण नव्याने करताना ती घालावीच लागते, नाहीतर जोरात श्वास घेतला की कल्ला आत चिकटतो. त्यासाठी कानाच्या वाटीतली कूर्चा घेतात. ती मुळातच वळणदार असते, कानाचा आकार बिघडत नाही आणि टाके कानामागे लपतात. सगळाच आधार गेला असेल तर बरगडीची.

आता कपाळ. भुवईजवळची रोहिणी चेहऱ्याच्या मध्यरेषेपासून साधारण दोन सेंटीमीटरवर असते. डॉप्लरच्या पेनने तिचा आवाज ऐकून जागा पक्की करतात. देठ सव्वा-दीड सेंटीमीटर रुंदीचा पुरतो. जास्त रुंद ठेवला तर वळताना मुरड पडते आणि रक्त अडतं, त्यामुळे ‘रुंद म्हणजे सुरक्षित’ हे इथे खरं नाही. टोकाकडून उचलायला सुरुवात करतात, भुवईजवळ आल्यावर हाडालगत खोल जातात, म्हणजे रोहिणी फ्लॅपसोबत येते. मग फ्लॅप अर्धा वळवून नाकावर. केसाएवढ्या दोऱ्याने कडेला कड जोडतात. टाका करकचून आवळला तर कड पांढरी पडते. तो सोडून पुन्हा घालायचा.

कपाळाची उघडी जागा दोन्ही बाजूंनी ओढून शिवतात. भुवईकडे ती सहज मिटते; वर, केसांजवळ, रुपयाएवढा भाग कधीकधी मिटत नाही. तो तसाच उघडा ठेवतात. घरचे हे बघून हादरतात, आणि मांडीची कातडी लावून झाकत का नाही असं विचारतात. लावलेली कातडी कपाळावर कायमची चकती होऊन दिसते. उघडी जखम व्हॅसलिन लावून ओलसर ठेवली तर महिना-दीड महिन्यात आपोआप भरते आणि तिचा व्रण बराच बारीक होतो.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस देठाची कच्ची बाजू पाझरते. पट्टीवर लाल-गुलाबी डाग येणारच. रक्त टपकायला लागलं तर स्वच्छ गॉज धरून हलक्या हाताने दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबावं. मध्येमध्ये उचलून बघू नये, आणि देठ आवळला जाईल इतकं दाबू नये. तरी थांबलं नाही तर दवाखाना.

रंग बघायला शिकावं, तेही दिवसाच्या उजेडात. गुलाबी किंवा नेहमीच्या कातडीसारखा असेल तर ठीक. पांढरा फटक आणि गार लागत असेल तर रक्त पोचत नाही. जांभळा-निळा, फुगलेला असेल तर आलेलं रक्त परत जात नाही. दोन्हींत सकाळची वाट न बघता फोन करावा. दुसऱ्या प्रकारात कधी एखादा टाका सोडून भागतं, तर कधी हॉस्पिटलात जळवा लावतात. ऐकून नाक मुरडू नका, साठलेलं रक्त ओढून घ्यायला त्या फार उपयोगी पडतात. सावळ्या कातडीत हे रंग पटकन कळत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टरांसमोर मोबाईलवर एक फोटो काढून ठेवावा आणि त्याच्याशी ताडून बघावं.

उश्या दोन घ्याव्यात, झोपावं उताणं. नाक शिंकरायचं नाही; शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. चुलीपुढे ओणवं बसणं, खाली वाकून लादी पुसणं, जड हंडा उचलणं बंद. डॉक्टर सांगतील तेव्हापासून दिवसातून दोन-तीनदा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने खपल्या भिजवून पुसाव्यात आणि मलम लावावं. खपली सुकू दिली की टाक्यांची रेघ रुंद होते. नाकपुडीत मऊ सिलिकॉनची नळी ठेवली असेल तर ती विचारल्याशिवाय काढू नये. टाके पाच ते सात दिवसांत निघतात.

एक गंमत सांगायची राहिली: या काळात नव्या नाकाला हात लावला की काहींना कपाळाला लावल्यासारखं वाटतं. नस अजून वरच जोडलेली असते. डोक्याच्या पुढच्या भागाचा बधिरपणा मात्र बरेच महिने राहतो.

देठ कापणं

साधारण तीन आठवड्यांत नवी कातडी खालून आणि कडांकडून स्वतःचं रक्त घ्यायला लागते. साधं काम असेल तर तेव्हाच देठ कापतात. भुवईचं आतलं टोक पूर्वीच्या जागी बसवतात, नाहीतर दोन भुवयांतलं अंतर कमी-जास्त होऊन चेहरा रागीट दिसतो. बाकीचा देठ टाकून देतात. बधिर करून होण्यासारखं काम आहे.

नाकाचा शेंडा किंवा अस्तर नव्याने केलं असेल, किंवा तंबाखू सुटली नसेल, तर मी तीन टप्प्यांच्या बाजूचा. यात पहिल्या वेळी फ्लॅप स्नायूसकट जाडच ठेवतात. तीन-चार आठवड्यांनी देठ न कापता नाकावरची कातडी पातळ थरात पुन्हा उचलतात, खालचा स्नायू आणि चरबी कोरून काढतात, लागली तर कूर्चा भरतात, आणि कातडी परत बसवतात. देठ कापायचा आणखी तीन आठवड्यांनी. एक ऑपरेशन आणि महिनाभर सोंड जास्त. रुग्ण कुरकुरतात. पण नाकाला शेंडा आणि खाचा येतात त्या याच मधल्या टप्प्यात. तो गाळला तर बऱ्याचदा बटाट्यावर भागवावं लागतं.

पुढचं वर्ष

देठ कापल्यावर आरशात जे दिसतं ते शेवटचं नाक नव्हे. सूज उतरायला सहा महिने ते वर्ष लागतं. डॉक्टर सांगतील तेव्हापासून बोटाच्या टोकाने व्रणावर गोल-गोल मालिश करावी. कड उंच राहिली असेल तर दीड-दोन महिन्यांनंतर ती घासून सपाट करता येते. जाडी कमी करायची छोटी शस्त्रक्रिया करायची असेल तर काही महिने थांबूनच करावी.

बायका हमखास विचारतात, चमकी घालता येईल का? लगेच नाही. कल्ल्यात कानाची कूर्चा बसवलेली असते, तिथे टोचून पू झाला तर सगळा आधार जातो. समारंभाला दाबाची नथ घालायची ती दुसऱ्या, शाबूत बाजूला, आणि तीही सूज उतरल्यावर. नव्या बाजूला टोचायचं असेल तर वर्षभराने आपल्या सर्जनलाच विचारावं. मी सहसा नको म्हणतो.

ऊन टाळावं. शेतावर जाणाऱ्याने रुंद काठाची टोपी घालावी. गांधी टोपीने नाकावर सावली पडत नाही. डोक्यावरून पदर घेतला तर तो कपाळापुढे ओढून घ्यावा. उन्हाने ताजा व्रण काळा पडतो, आणि ज्याला एकदा त्वचेचा कॅन्सर झाला त्याला दुसऱ्या जागी पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून पहिली पाच वर्षं दर सहा ते बारा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. तपासताना नाकावरच थांबू देऊ नये. कान, कानामागची जागा, मान, टक्कल असेल तर डोकं आणि हाताची पाठ दाखवावी. नव्या नाकाच्या कडेला खपली धरून रक्त येऊ लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवावं.